स्वित्झर्लंडच्या अर्थमंत्र्यांना, सही नसलेल्या एका पत्राबद्दल

मा. अर्थमंत्री महोदया, बर्न
सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात पुण्यात आमच्या सोसायटीच्या पेटीत तुमच्या देशातून एक लिफाफा पडला. मजकूर चार ओळींचा. आमचं तेवीस वर्षांचं खातं साठ दिवसांत बंद, कारण भारतात राहणारे ग्राहक बँकेच्या धोरणात बसत नाहीत. सहीच्या जागी छापलेलं: ‘हे पत्र सहीविना वैध आहे.’ जर्मनमध्ये तीनदा विनंती केली, तिन्ही वेळा तेच छापील उत्तर. म्हणून हे मराठीत. दुर्लक्षच व्हायचं तर मायबोलीत झालेलं बरं.

खातं गेल्यापेक्षा ती सहीची ओळ मला जास्त लागली. ही बँक म्हणजे जुनी खासगी पेढी. नाव लिहीत नाही. मी तेव्हा तुमच्याच देशात नोकरीला, साधा प्रयोगशाळेतला माणूस, साहेबांच्या शब्दावर तिथं शिरकाव झाला. एका वृद्ध भागीदारांनी स्वतः कॉफी पाजली आणि म्हणाले, ‘पेढी बुडाली तर माझं राहतं घरही जाईल, म्हणून आम्ही जपून असतो.’ लक्ष्मी रोडवर सराफ स्वतः गादीवर बसलेला पाहून वाढलेला मी. मला ही भाषा लगेच कळली.

तुमच्या कायद्यातही खासगी बँकर म्हणजे हेच ना? ज्याच्या भागीदारावर अमर्याद जबाबदारी आहे तो. बाकी ‘प्रायव्हेट बँकिंग’ ही पाटी कुणीही लावावी. 1796 ची लोंबार ओडिये आणि 1805 ची पिक्टे या जिनिव्हाच्या जुन्या पेढ्यांनीही 2014 च्या जानेवारीत कंपनीचं रूप घेतलं. तसले खरे बँकर आता हाताच्या बोटांवर मोजावेत. घर गहाण टाकायची परंपरा गेली. जाड गालिचा, हळू आवाज आणि वर्षाची फी राहिली.

गुप्ततेचं तर बोलूच नका. 1934 च्या बँक कायद्यातलं ते सत्तेचाळिसावं कलम, खातेदाराची माहिती फोडणं गुन्हा ठरवणारं! त्याच्या जिवावर आमच्याकडे ‘स्विस बँकेत खातं’ म्हटलं की सोसायटीतले लोक डोळा मारतात. ‘काय काका, किती खोके?’ अहो, पगारातून कर कापून उरलेले फ्रँक होते ते! 2019 पासून तुम्ही भारताला खात्यांची माहिती आपोआप पाठवता. माझी शिल्लक इथल्या आयकर खात्याला ठाऊक आहे. मग माझ्यापासून धोका तो कसला? सेंट गॅलनची वेगेलिन, 1741 ची, तुमची सर्वांत जुनी बँक. अमेरिकनांचा कर चुकवायला मदत केल्याचं तिनं 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात कबूल केलं आणि दुकान आवरलं. तेव्हापासून ताकही फुंकून प्यायचं चाललंय. पण दूध कुणाचं, ताक कुणाचं, एवढं तरी बघाल?

मला मिळाले साठ दिवस. त्यात सौभाग्यवतींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, पासपोर्टच्या साक्षांकित प्रतींसाठी नोटरीकडे चार खेपा, शनिवारी नोटरी गावाला. पैसे वेळेत दुसरीकडे वळते केले नाहीत तर फ्रँकचा चेक पोस्टानं येणार. आमच्या शाखेतल्या मुलीनं असा चेक जन्मात पाहिलेला नाही. ‘काका, किती महिने लागतील सांगता येत नाही,’ म्हणाली. बिचारी खरं तरी बोलली.

आणि जे खातेदार बोलतच नाहीत त्यांचं काय? साठ वर्षं संपर्क नसेल तेव्हा नाव जाहीर होतं, वर्षभर कुणी वारस आला नाही तर पैसा तुमच्या सरकारी तिजोरीत. म्हणजे मुक्या खात्याला साठ वर्षं आणि बोलत्या खातेदाराला साठ दिवस! मी मेलो असतो तर बरा ग्राहक ठरलो असतो.

19 मार्च 2023 चा रविवार आठवतो? क्रेडिट स्वीस बुडताना त्या संध्याकाळी बर्नमध्ये माध्यमांसमोर तुम्हीही बसला होतात. 16 अब्ज फ्रँकचे रोखे एका रात्रीत शून्य, आणि शंभर अब्जांच्या कर्जाला सरकारची हमी. ती बँक कुणाच्या धोरणात बसत होती? त्यांच्या संचालकांपैकी किती जणांचं राहतं घर गेलं, तेवढं कळवा. मोठ्यानं पाप करावं आणि धाकट्यानं प्रायश्चित्त घ्यावं, ही रीत आमच्याकडेही आहे. सहकारी बँकांच्या दारात रडणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. पण ती रीत शिकायला एवढ्या लांब आल्प्सपर्यंत यायची गरज नव्हती.

मागणं लहान आहे. तुमच्या पोस्टाच्या बँकेवर साधं खातं देण्याचं बंधन आहे, पण ते देशात राहणाऱ्यांपुरतं. तुमच्या देशात आयुष्य घालवून, कर भरून परतलेल्यांनाही ते लागू करा. आणि खातं बंद करायचंच असेल तर कारण लिहून, निदान वर्षभराची मुदत देऊन.

आपला, आणखी एकोणीस दिवस खातेदार,
मुक्काम पुणे

ता. क. : उत्तर जर्मनमध्ये चालेल. सही मात्र शाईची हवी.