सेट तापतो ही तक्रार नाही

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ५० वॅटच्या व्हीएचएफ मोबाइल सेटमध्ये (गाडीत बसवायच्या वायरलेस रेडिओत) फायनल मॉड्यूल, म्हणजे अँटेनाला ताकद पुरवणारा शेवटचा भाग, हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांना) नीट टेकलेले नसणे आणि दुरुस्ती म्हणून फक्त तापमानाची मर्यादा वाढवून देणे.

महोदय,

"ट्रान्समिट करताना सेट गरम होणे स्वाभाविक आहे," असे तुमच्या सर्व्हिस सेंटरने आम्हाला लेखी कळवले आहे. त्याबद्दल वाद नाही. आमचा सेट १३.८ व्होल्टवर १०.६ अँपिअर ओढतो, म्हणजे १४६ वॅट. त्यातले ५० अँटेनाकडे जातात आणि उरलेले ९६ वॅट उष्णता होऊन डब्यातच राहतात. दोन सोल्डरिंग आयर्न आत चालू ठेवल्यासारखेच ते. शिवाय एफएमवर तुम्ही बोला की गप्प बसा, पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचे बटण) दाबलेला असेपर्यंत कॅरिअर, म्हणजे आवाज वाहून नेणारी लहर, पूर्ण ताकदीने जातो. एसएसबी या दुसऱ्या पद्धतीत बोलणे थांबले की ताकदही थांबते, तशी मधली उसंत इथे मिळत नाही. चार मिनिटांनी हीटसिंकला हात लावल्यावर चटका बसला तर आम्ही उलट निश्चिंत होतो, कारण उष्णता बाहेर येते आहे. आमच्या सेटमध्ये ती फायनलपाशीच अडते, आणि तक्रार त्याची आहे.

एकाच मॉडेलचे, एकाच खेपेतले दोन सेट आमच्याकडे असल्यामुळे तुलना करता आली. दोन्ही एकाच पॉवर सप्लायवर, त्याच केबलने, त्याच ५० ओहमच्या १०० वॅटी डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायच्या, ताकद जिरवणाऱ्या रोधावर) चालवले. एसडब्ल्यूआर (ताकद किती परत उलटते याचे माप; १ म्हणजे अजिबात नाही) १.१. खोलीचे तापमान २८ अंश सेल्सिअस. सेटच्या टर्मिनलवर भार असतानाही १३.८ व्होल्ट मिळतील असा सप्लाय लावला होता. त्यामुळे "अँटेना तपासा, वायर तपासा" हे ठरलेले उत्तर कृपया पुन्हा पाठवू नका.

तापमान थर्मोकपलने (टेकवून तापमान मोजणाऱ्या तारेने) घेतले, एक मॉड्यूलच्या फ्लँजवर (हीटसिंकला आवळायच्या धातूच्या बैठकीवर) स्क्रूच्या शेजारी आणि एक हीटसिंकच्या पात्यावर. आरएफ (रेडिओ लहरी) चालू असताना थर्मोकपलचा मीटर भलतेच आकडे दाखवतो, म्हणून प्रत्येक नोंद पीटीटी सोडताक्षणी घेतली आहे. इन्फ्रारेड थर्मामीटर मुद्दाम वापरला नाही. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो बराच कमी आकडा दाखवतो; वापरायचाच तर आधी काळी टेप चिकटवावी लागते. तुमच्या तंत्रज्ञाने तो थेट पात्यांवर रोखून "४० अंश, सर्व ठीक" असे लिहिल्याचे दिसते.

सलग २ मिनिटांनी पहिल्या सेटचे पाते ४६ अंशांवर होते आणि फ्लँज ८३. दुसऱ्या सेटचे पाते ४७, फ्लँज ५६. पाती दोन्हीकडे जवळजवळ सारखीच तापली, म्हणजे पंखा आणि हीटसिंक दोघेही निर्दोष सुटले. फरक आहे तो फ्लँज आणि पाते यांच्यामध्ये : एकीकडे ९ अंश, दुसरीकडे ३७. इतकी तफावत थर्मल पेस्ट (दोन्हींमधली फट भरून उष्णता पुढे नेणारा लेप) नीट बसली नसेल तरच पडते. पहिल्या सेटने ८३ अंशांनंतर पॉवर कापायला सुरुवात केली आणि चौथ्या मिनिटाला ३१ वॅट उरले. दुसरा चार मिनिटे ५० वॅटवरून हलला नाही.

मग वरचे झाकण काढून पाहिले. पहिल्या सेटमध्ये फ्लँजच्या डाव्या कडेला पांढरी पेस्ट बारीक रेघेसारखी दाबून बाहेर आलेली आहे. उजवी कड कोरडी. त्या कोरड्या बाजूखाली फीलर गेजची (फट मोजायच्या साधनाची) ०.०५ मिलिमीटरची पट्टी सहज आत सरकते. दुसऱ्या सेटमध्ये ती कुठूनच जात नाही. कारण उघड आहे : जोडणी करताना एक स्क्रू आधी पूर्ण आवळला आणि मग दुसरा, त्यामुळे मॉड्यूल एका बाजूने उचलले गेले. दोन्ही स्क्रू आधी हलके टेकवून मग आळीपाळीने आवळायचे असतात, हे तुमच्या जोडणी विभागाला आम्ही सांगावे लागू नये.

हे सगळे लिहून सेट पाठवला. तीन आठवड्यांनी परत आला, सोबत एका ओळीचा अहवाल : "सॉफ्टवेअर अपडेट केले, पॉवर कमी होण्याची समस्या दूर." खरोखरच दूर झाली होती. चारही मिनिटे ५० वॅट मिळाले. फक्त चौथ्या मिनिटाला फ्लँज ९६ अंशांवर होता आणि पाते ५८. फरक ३८ अंश, म्हणजे होता तेवढाच. पेस्टला कोणी हात लावलेला नाही. पॉवर कापण्याची मर्यादा तेवढी वर सरकवली आहे. ताप उतरवायचा सोडून थर्मामीटर बदलण्यातलाच हा प्रकार. फ्लँजच्या स्क्रूंवर कारखान्यात लावलेले लाल रंगाचे ठिपके आजही अखंड आहेत, म्हणजे स्क्रू फिरवलेलेच नाहीत.

या जातीच्या मॉस्फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) मॉड्यूलसाठी फ्लँज नेहमीच्या वापरात ६० अंशांच्या आत आणि अगदी वाईट परिस्थितीतही ९० च्या आत ठेवावा, असे मॉड्यूलचे निर्मातेच सांगतात. आमची चाचणी २८ अंशांच्या खोलीतली आहे. उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्डखाली ४५ अंश सहज होतात. तिथे हाच फ्लँज ११० च्या पुढे जाईल, आणि आतली चिप त्याहूनही वर. आधीची मर्यादा निदान फायनलला वाचवत होती. आता तेही संरक्षण उरले नाही.

"शक्यतो मिड पॉवर वापरा" हा सल्ला एरवी शहाणपणाचा आहे. ५० वरून २५ वॅटवर आले की समोरच्याच्या मीटरवर सिग्नल जेमतेम अर्धा एस-युनिट (सिग्नलची ताकद मोजायचे माप) कमी दिसतो आणि सेट बराच थंड राहतो. आम्हीही तसेच करतो. पण तो सदोष जोडणीवरचा उपाय नाही.

आमचे म्हणणे एवढेच : मॉड्यूल काढून दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत, पेस्टचा पातळ, सर्वत्र सारखा थर द्यावा, एम३ स्क्रू आळीपाळीने ०.५ न्यूटन-मीटरपर्यंत आवळावेत आणि तापमानाची मूळ मर्यादा परत ठेवावी. अहवालात ५० वॅटवर २ मिनिटांनंतरचे फ्लँजचे आणि पात्याचे, असे दोन्ही आकडे हवेत. फरक १० अंशांच्या आसपास असावा. तुमच्याच बदलामुळे मॉड्यूल ९६ अंशांवर चालले आहे, तेव्हा त्या एका भागाची वॉरंटी दुरुस्तीच्या तारखेपासून नव्याने धरावी. हे जमणार नसेल तर सेट बदलून द्यावा. या खेपेतले बाकीचे सेटही एकदा फीलर गेज लावून पाहावेत. एका सेटला अर्धा मिनिट लागतो.

पंखा पीटीटी सोडताक्षणी बंद होतो, तो आणखी मिनिटभर फिरता ठेवावा. सॉफ्टवेअर बदलायचेच असेल तर हे बदला.

१५ दिवसांत लेखी उत्तर मिळावे. नोंदींचा तक्ता, बिलाची प्रत आणि स्क्रूंवरच्या लाल ठिपक्यांचा जवळून घेतलेला फोटो जोडला आहे. सेट पुन्हा पाठवत आहोत. परत येईल तेव्हा ते ठिपके फुटलेले असावेत.

कळावे,
आपले,
दोन्ही सेटचे खरेदीदार