तो मोर नाही, माळढोक आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात आमच्या बागेतल्या शिल्पाचा फोटो आहे, खाली ओळ ‘नव्या रंगात खुलला मोर’. तो मोर नाही, माळढोक आहे. रंग फासणाऱ्या ठेकेदाराचं एक वेळ सोडा, पण सोलापूरच्या वर्तमानपत्राला माळढोक ओळखू येऊ नये?

आमचे ड्रॉइंगचे मास्तर त्यासाठी बार्शी रस्त्याने नान्नजच्या माळावर सायकल मारत जायचे. विणीच्या काळात नर गळ्याची पिशवी फुगवून खाली लोंबती सोडतो, नेमका तसा त्यांनी तो घडवला. सळया वाकवून, तारेची जाळी बांधून ते सिमेंट चढवत होते तेव्हा शाळेतली आम्ही पोरं घमेली उचलून देत होतो. डोक्यावरची काळी टोपी, छातीवरचा काळा पट्टा, पाठीचा मातकट रंग, सगळं सिमेंटमध्येच पूड कालवून आणलेलं. वरून ब्रश लावलाच नव्हता. पोरांचे हात फिरून ती पिशवी गुळगुळीत झाली होती. आता तिला लालभडक ऑइलपेंट आहे आणि अंगाला निळा-हिरवा. चौथऱ्यावर कोरलेलं मास्तरांचं नाव रंगात बुजलं, पण उद्घाटनाला हजर असलेल्यांची नावं तुमच्या बातमीत ओळीने आली आहेत.

नान्नजचं अभयारण्य १९७९ चं, पण आज तिथेही माळढोक दिसणं दुर्मीळ. पोरांना दाखवायला आमच्याकडे हाच होता.

मास्तर गेले म्हणजे कुणीही काहीही करावं असं नाही. कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमानुसार कलाकृतीच्या विद्रूपीकरणाला कलाकार हरकत घेऊ शकतो, त्याच्यामागे त्याचे वारसही. विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प काढून टाकलं, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये सरकारला ५ लाखांची भरपाई द्यायला लावली. इथे मास्तरांची मुलगी शहरातच राहते. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

हा रंग पावसाळ्यापूर्वी जाणकाराच्या हातून उतरवावा. तारेचा ब्रश किंवा अॅसिड लावू नये, मूळ रंगही खरवडून जाईल. आणि रंगाला पैसे आहेत, तर बागेतल्या दिव्यांना का नाहीत? उन्हाळ्यात आपल्याकडे माणूस घराबाहेर पडतो सातनंतर, आणि तेव्हा तिथे मिट्ट काळोख.

दुरुस्ती त्याच पानावर छापावी, मास्तरांच्या नावासह.

– एक वाचक, सोलापूर