पॉलिशवाले काका, माझ्या धनुष्यासाठी मनापासून थँक्यू

काका, नमस्कार.

समोर आले की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून चहा सांगता आणि माझं बोलायचं राहूनच जातं, म्हणून सगळ्यांसमोर लिहून काढतेय. नातवाकडून वाचून घ्या.

जूनमध्ये नाशिकला भद्रकालीत तुमच्याकडे आले तेव्हा हातात धामणीच्या लाकडाचं धनुष्य होतं, पाच महिने रोज सातपूरहून कामावरून आल्यावर तासून तासून केलेलं, आणि त्याच्या पाठीवर, म्हणजे निशाण्याकडच्या बाजूला, केसासारख्या बारीक भेगा. मला वाटलं लाकूडच गेलं. त्याआधी एका दुकानात सांगितलं होतं की मेलामाइन (फर्निचरवरचं कडक, चकचकीत पॉलिश) मारा मॅडम, काचेसारखं चमकेल, आणि चमकलं पण, फक्त दोरी चढवून दहा-बारा वेळा ओढल्यावर कटकट आवाज यायला लागला. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवला, अंगठ्याच्या नखाने एक भेग खरवडली, पापुद्रा निघाला आणि खाली लाकूड धड होतं. मी तिथेच स्टुलावर बसले, पाय लटपटत होते खरंच.

मग तुम्ही विचारलंत, "हे वाकतं किती?" काका, हा प्रश्न मला तोपर्यंत कुणीच विचारला नव्हता. तुम्ही आयुष्यभर दारं, देव्हारे, डायनिंग टेबलं पॉलिश केलीत, म्हणजे जागचं न हलणारं लाकूड, धनुष्य कधी हातात धरलेलं नाही, आणि तरी नेमकं तेच विचारलंत. मी ओढून दाखवलं, पाठ ताणली जाते, पोट म्हणजे माझ्याकडची बाजू दाबली जाते, तेव्हा तुम्ही लगेच म्हणालात की मग याला कडक कोट चालणारच नाही, लाकडाबरोबर ताणलं जाईल असंच काहीतरी पाहिजे.

आणि नुसतं सांगून सोडलं नाहीत. त्याच धामणीच्या उरलेल्या तीन पट्ट्या आणायला लावल्या, एकीवर लाखेचं पॉलिश, एकीवर मेलामाइन, एकीवर जवसाचं तेल, वार्निश आणि टर्पेंटाईन समान घेऊन केलेलं मिश्रण. दहा दिवसांनी गुडघ्यावर वाकवल्या. लाखेवर जाळं पडलं, मेलामाइनचा टवका उडाला, तिसरी मी चार-पाच वेळा वाकवली तरी काही नाही. त्या दिवसापासून कोणी काहीही लावायला सांगितलं तरी मी आधी पट्टी करून बघते.

नुसतं तेल का नको तेही तेव्हाच कळलं, दिसतं सुंदर पण दमट हवा फारशी अडवत नाही, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड पाणी पितं, मऊ पडतं, धनुष्य वाकलेलंच राहतं. कुठलाही कोट ओल पूर्ण थांबवत नाही, उशीर करतो फक्त, हे तुमचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. टोकं आणि दोरीच्या खाचा तिथे जास्त हात फिरव, कापलेल्या तोंडातूनच ओल जास्त शिरते, हे तर मला सुचलंच नसतं.

मेलामाइन काचेच्या तुकड्याने लाकडाच्या रेषेच्या दिशेने खरवडायला तुम्ही शिकवलंत, पाठीवर जोर न देता. मग १८०, २२०, ३२० नंबरचा पॉलिश पेपर, मध्ये ओलं फडकं फिरवून तुसं उभी राहू द्यायची आणि पुन्हा घासायचं. मुठीवर चामडं चिकटवायचं होतं म्हणून तेवढ्या भागाला टेप, तेलावर गोंद धरत नाही ना. आणि कोट म्हणजे ओतायचं नाही, चिंधीने लावायचं, तळवा गरम लागेपर्यंत चोळायचं, उरलेलं पुसून टाकायचं. मी चार कोट दिले, पावसामुळे दोन कोटांत दोन-दोन दिवस गेले. तेलाच्या चिंध्या बोळा करून ठेवू नको, आपोआप तापतात, पेट घेतात, पाण्यात टाक, हे तुम्ही रागावूनच सांगितलंत. मी खरंच आधी कोपऱ्यात बोळा करून ठेवल्या होत्या काका. घरात लहान भाचा आहे. याचे आभार कसे मानू कळत नाही.

जूनमध्ये सामानाच्या काट्याला अडकवून धनुष्याची दोरी २८ इंच ओढली होती, तेव्हा ओढायचा जोर ३२ पाउंड भरला होता. दसऱ्याला पूजेत ठेवायच्या आधी परत मोजलं, ३१. सगळा पावसाळा काढून एकच पाउंड! आईला वाटलं मी रडतेय, आणि हो, थोडी रडलेच.

आता मखमलाबादला मामांच्या द्राक्षबागेच्या बांधावर रोज सकाळी वीस-पंचवीस बाण सोडते. मुठीच्या वर जिथून बाण घासून जातो तिथलं पॉलिश पुसट झालंय, बोटभर जागा. रविवारी घेऊन येते. तिथे नुसता पातळ कोट पुरेल की चामड्याचा तुकडा लावू, तुम्ही हात लावून सांगा.

तुमची,
धामणीवाली