‘पडीक’ म्हणू नका, त्या जमिनीला नाव आहे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत बोर्निओ बेटावर लेख आला होता, पाम तेल, ओरांगउटान, जळणारं जंगल, इंडोनेशियाची नवी राजधानी नुसांतारा, सगळं होतं त्यात आणि कळकळीने लिहिलं होतं हेही खरं. पण एका वाक्यावर मी अडकले ती अजून सुटले नाहीये. तिथले मूळ रहिवासी दायाक लोक जंगल जाळून शेती करतात आणि जमीन पडीक टाकून पुढे जातात, असं ते वाक्य होतं. मी भाषांतराचं काम करते, गेली काही वर्षं बोर्निओबद्दल मिळेल ते वाचतेय, म्हणून ह्या एका ‘पडीक’साठी एवढं लांब पत्र लिहितेय, जागा असेल तर छापा.

आधी एक सांगायला हवं की दायाक ही काही एक जमात नाही. इबान, बिदायुह, न्गाजू, केन्याह, कायान, बेनुआक, मा'आन्यान असे कितीतरी लोक बाहेरच्यांनी एका नावाखाली घातले आणि भाषा मात्र प्रत्येकाची वेगळी. त्यातल्या मा'आन्यानची भाषा तर मादागास्करच्या भाषेची सगळ्यात जवळची नातेवाईक आहे, ऑटो दाल ह्या नॉर्वेजियन अभ्यासकाने 1951 मध्ये ते मांडलं. बारितो नदीकाठची बोली अख्खा हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेच्या दारात पोचली, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले होते.

आता पडीककडे येते. बोर्निओच्या मलेशियातल्या भागात, सरावाकमध्ये, राहणारे इबान लोक डोंगरउतारावर भात करतात, पीक निघालं की त्या रानाला म्हणतात जेरामी. मग झाडोरा वाढू लागला की ती तेमुडा, अजून वर्षं गेली की दामुन, झाडं चांगली जाड झाली की पेंगेरांग, आणि जुनं मोठं जंगल ते काम्पोंग. (मलायमध्ये हाच शब्द गावासाठी आहे, इबानमध्ये जंगलासाठी!) म्हणजे आपल्याला जिथे सोडून दिलेली जमीन दिसते तिथे त्यांना ती जमीन कितव्या पायरीवर आहे ते दिसतं, कोणाच्या आजोबांनी ती पहिल्यांदा साफ केली तेही माहीत असतं, कारण पहिल्यांदा साफ करणाऱ्याच्या घराण्याचा तिच्यावर हक्क राहतो. ती टाकून दिलेली नसतेच, तिला विसावा दिलेला असतो आणि काही वर्षांनी तिथे परत यायचं असतं.

आणि हे नुसतं शब्दांचं कौतुक म्हणून सांगत नाहीये, ह्या शब्दांवर कोर्टात केसेस झाल्यात. पेमाकाई मेनोआ म्हणजे लाँगहाउसच्या, म्हणजे अनेक कुटुंबं एका छपराखाली राहतात त्या लांब घराच्या, भोवतीचा गावाचा सगळा मुलूख, शब्दशः घेतलं तर ज्यावर खायचं ती भूमी, कारण इबानमध्ये माकाई म्हणजे खाणं. त्यातच पुलाउ गालाउ, म्हणजे शेतांच्या मधोमध मुद्दाम राखलेलं सामाईक जंगल, पुलाउ म्हणजे बेट, जंगलाचं बेट. लाकूड, वेत, शिकार सगळं तिथून. 2001 मध्ये नोर अनाक न्यावाई यांच्या केसमध्ये हायकोर्टाने पेमाकाई मेनोआचा हक्क मान्य केला, समोर कागदाच्या लगद्यासाठी झाडं लावणारी कंपनी होती. पुढे अपिलात पुराव्याच्या मुद्द्यावर गावकरी हरले, तरी तो शब्द कायद्याच्या पुस्तकात तर शिरला. पण डिसेंबर 2016 मध्ये मलेशियाच्या फेडरल कोर्टाने दुसऱ्या एका केसमध्ये बहुमताने सांगितलं की पेमाकाई मेनोआ आणि पुलाउ गालाउ ह्या प्रथांना सरावाकमध्ये कायद्याचं बळ नाही. रोज बोलण्यातले शब्द, आणि एका निकालात त्यांच्याखालची जमीन गेली. लोकांनी आवाज उठवल्यावर 2018 मध्ये सरावाकचा जमीन कायदा बदलला आणि त्यात शब्द आला नेटिव्ह टेरिटोरियल डोमेन, म्हणजे मूळ रहिवाशांचं प्रादेशिक क्षेत्र. काहीच नसण्यापेक्षा हे बरं हे मला कळतं, पण खायची भूमी आणि टेरिटोरियल डोमेन ह्यात किती अंतर आहे ते कुठल्याही भाषांतरकाराला विचारा.

पलीकडे बोर्निओच्या इंडोनेशियातल्या भागात, म्हणजे कालिमांतानमध्ये, सरकारी भाषेत पडीक जमिनीला लाहान तिदुर म्हणतात, म्हणजे झोपलेली जमीन. झोपलेली आहे म्हटलं की उठवायला कोणीतरी येणारच ना, तसंच झालं. 1995 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या सरकारने मध्य कालिमांतानमध्ये दहा लाख हेक्टरचा भाताचा महाप्रकल्प काढला, बहुतेक सगळा पीटच्या, म्हणजे हजारो वर्षं कुजत साठलेल्या झाडपाल्याच्या दलदलीत. हजारो किलोमीटर कालवे खणले, पाणी वाहून गेलं, पीट सुकलं, भात काही पिकला नाही आणि 1997 मध्ये त्याला आग लागली ती जमिनीच्या आतून धुमसत राहिली. तिथले न्गाजू लोक नदीकाठाने हाताने छोटे कालवे काढत, पूर ओसरला की मासे अडकावेत म्हणून बेजे नावाचे खड्डे राखत, त्यांच्या लेखी ती जमीन कधी झोपलेली नव्हतीच. आणि दोष मात्र जाळून शेती करणाऱ्यांवर. इंडोनेशियाच्या 2009 च्या पर्यावरण कायद्यात स्थानिक रीतीने कुटुंबामागे 2 हेक्टरपर्यंत जाळायला मुभा आहे, तरी पश्चिम कालिमांतानच्या सिंतांगमध्ये सहा शेतकऱ्यांवर खटला चालला, 2020 मध्ये ते निर्दोष सुटले. तुमच्या लेखातलं ते वाक्य त्या खटल्यातल्या आरोपासारखंच वाटलं मला, रागावू नका.

विधींबद्दल तर लेखात एकच ओळ होती, ‘रंगीबेरंगी सण’. इबानांचा देव सिंगालांग बुरुंग ब्राह्मणी घारीच्या रूपात दिसतो आणि त्याचे जावई म्हणजे शकुनाचे पक्षी. केतुपोंग हा छोटा सुतार, नेंडाक हा शामा, बेरागाई आणि पापाउ हे कर्णा पक्ष्याच्या कुळातले. शेत साफ करायच्या आधी ह्यांची साद ऐकायची, कुठल्या बाजूने आली ते बघायचं, अपशकुन असेल तर थांबायचं. मानववंशशास्त्रज्ञ डेरेक फ्रीमन ह्यांनी इबान शेतीवरचा त्यांचा अहवाल 1955 मध्ये छापला, त्यात शेती आणि विधी एकमेकांपासून सोडवताच येत नाहीत. मला रात्री पडल्या पडल्या सुचलं ते हे, की जंगल कापलं तर हे पक्षी जातात, आणि पक्षी गेले तर शेती कधी सुरू करायची हे सांगणारा उरतच नाही, म्हणजे मंत्र पाठ असला तरी तो म्हणायचा कधी?

आणि साहित्य नाही असं समजू नका. लेमाम्बांग, म्हणजे इबान कवी-गायक, रात्रभर जे गातात त्यात देव नद्यानाले, डोंगर ओलांडत लाँगहाउसपर्यंत येतात, वाटेतली ठिकाणं नावानिशी. ते लक्षात राहावं म्हणून पापान तुराई नावाच्या फळ्यांवर खुणा कोरलेल्या असत. दुंगिंग अनाक गुंग्गू ह्यांनी तर 1947 मध्ये इबानसाठी स्वतंत्र लिपीच तयार केली. न्गाजूंचा तिवाह घ्या, मेलेल्या माणसाची हाडं काही वर्षांनी काढून सांदुंग नावाच्या लाकडी कोरीव घरात ठेवायची, आणि बासिर म्हणजे पुरोहित सांगिआंग ह्या खास विधीच्या भाषेत आत्म्याला वाट सांगत नेतो. त्यांचा काहारिंगान धर्म मान्य धर्मांच्या सरकारी यादीत बसेना, म्हणून 1980 मध्ये तो हिंदू काहारिंगान म्हणून नोंदला गेला. बेनुआक लेखक कोरी लायुन राम्पान ह्यांची 1970 च्या दशकातली कादंबरी ह्या विधींवरच उभी आहे आणि तिचं नाव ‘उपाचारा’, आपल्या उपचार शब्दाचंच ते इंडोनेशियन रूप, तिकडे अर्थ विधी. मराठीत ती आणायची माझी फार इच्छा आहे.

एक मात्र नक्की की दायाक म्हणजे जंगलाचे ऋषी, असंही कृपया छापू नका. आज बरेच दायाक ख्रिश्चन आहेत, कित्येक जण स्वतः पाम लावतात, मुलं कुचिंग-पालांकारायासारख्या शहरांत नोकरी करतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. बाहेरच्या संस्था त्यांना रखवालदार करतात आणि कंपन्या आगलावे करतात, दोन्हीकडे बोलणारे दुसरेच.

तर विनंती एवढीच की पुढच्या रविवारी दुरुस्तीच्या चौकटीत एक ओळ छापा, जिथे ‘पडीक’ आहे तिथे ‘तेमुडा’ वाचावे, आणि अर्थ द्यायला जागा कमी पडली तर ‘परत येण्यासाठी राखलेली’ एवढं लिहिलं तरी चालेल.

आपली,
एक नियमित वाचक