दशावतार विज्ञानाच्या तासाला नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेत उत्क्रांती शिकवावी की धर्मग्रंथांतली सृष्टीची कथा, की दोन्ही, यावर आपल्या वाचकपत्रांत सध्या वाद रंगला आहे. आपल्याकडचा घोळ मात्र मला जरा वेगळा दिसतो. डार्विनला वर्गाबाहेर काढा, असे सोलापुरात सहसा कुणी म्हणत नाही. उलट त्याला हार घालून घरात घेतात आणि वर म्हणतात, "यात नवीन ते काय? आमच्या दशावतारात हे आधीच आहे."

माझा मुलगा राज्य मंडळाच्या शाळेत दहावीला आहे. विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा. अवशेषांगे, जीवाश्म, नैसर्गिक निवड, सगळे त्यात आहे आणि धडा चांगला आहे. वर्गात मात्र तो असा झाला: मत्स्य म्हणजे पाण्यातला जीव, कूर्म उभयचर, वराह जमिनीवरचा, नरसिंह अर्धा पशू, वामन बुटका माणूस, पुढे पूर्ण माणूस. झाला डार्विन! शाळेचे नाव लिहीत नाही, कारण हेच पाढे दुसऱ्या शाळांतल्या मुलांकडूनही ऐकले आहेत. शिवाय सर मनाने चांगले आहेत, त्यांना हे मनापासून पटलेले आहे.

आता हे तपासून तर पाहू. कासव उभयचर नव्हे, सरपटणाऱ्या प्राण्यांतले आहे, आणि कासवापासून डुक्कर झाले असे विज्ञान कुठेच सांगत नाही. सिंह आणि माणूस सस्तन प्राण्यांच्या दोन वेगळ्या शाखांवरचे, तेव्हा नरसिंह काही मधला दुवा होत नाही. परशुराम, राम, कृष्ण तर एकाच प्रजातीचे. बरे, मत्स्यावतारातला मासा प्रलयातून वाचवतो कुणाला? मनूला. म्हणजे पहिल्याच पायरीवर माणूस हजर! नवव्या अवतारावर तर एकमतही नाही. कुठे बुद्ध, कुठे बलराम, आणि आपल्या महाराष्ट्रात जुन्या पंचांगांतल्या चित्रांत चक्क विठोबा. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. विठोबा उत्क्रांतीची कितवी पायरी, असे मी घरी विचारले तर आईने डोळे वटारले. तिचे बरोबरच होते. आमचे घर माळकरी आहे, वारी चुकत नाही. भक्तांसाठी देव धावून येतो, हे त्या कथांचे मर्म. त्यांना जीवशास्त्राचा तक्ता केले की कथा जाते आणि जीवशास्त्रही हाती लागत नाही.

खरे तर हा विषय शिकवायला आपल्या जिल्ह्याइतकी सोयीची जागा नाही. डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथाची सुरुवातच पाळीव जनावरे आणि लागवडीची पिके यांच्यापासून केली. आपल्याकडे मालदांडी ज्वारी आहे. चांगली भरलेली कणसे बियाण्याला बाजूला ठेवायची, हे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या करत आला. त्याच स्थानिक मालदांडीतून मोहोळच्या संशोधन केंद्रात निवड करून ३५-१ हा वाण निघाला. इथे निवडणारा माणूस आहे. निवडणारा कुणी नसला तरी हे कसे घडते, त्याचे उदाहरण म्हणजे कापसावरची गुलाबी बोंडअळी. बोंडअळीला मारणारे विष झाडातच तयार करणाऱ्या बीटी कापसाला आपल्या देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली. २०१७ च्या हंगामात याच अळीने राज्यातल्या कापूस उत्पादकांच्या तोंडचे पाणी पळवले. अळीने ठरवून काहीच केले नव्हते. बीटीच्या विषाने बहुतेक मेल्या, ज्या थोड्या तगल्या त्यांचीच पैदास वाढत गेली. नैसर्गिक निवड शेतकऱ्याच्या मुलाला समजावायला याहून जास्त काय लागते? नान्नजच्या अभयारण्यातला माळढोक पक्षी घ्या. गवताच्या रंगात मिसळून जाणारा, उघड्या जमिनीवर एका वेळी बहुधा एकच अंडे घालणारा. माळरान शाबूत होते तोवर ते पुरत होते. माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या, आणि तो आता दिसला तर नशीब. परिस्थिती इतक्या झपाट्याने पालटली तर जीवाला बदलायला पिढ्याच मिळत नाहीत, हे तिथे उभे राहून कळते.

"दोन्ही शिकवा" म्हणणाऱ्यांना एवढेच विचारतो, की दुसरी बाजू कुणाची? आमच्या गल्लीतल्या एकेका वर्गात लिंगायत, पद्मशाली, मुसलमान, बौद्ध, जैन, ख्रिस्ती मुले शेजारी शेजारी बसतात. प्रत्येक घरची सृष्टीची गोष्ट वेगळी, आणि बौद्ध व जैन घरांत तर निर्माता देवच नाही. समान वेळ द्या ही मागणी अमेरिकेतही झाली होती. तसा कायदा तिथल्या लुइझियाना राज्याने केला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये तो रद्द केला. आपल्याकडे तर राज्यघटनेचे कलम २८ आहेच. पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. भाषेच्या तासाला पुराणकथा वाचा, इतिहासात धर्म शिकवा, त्याला कुणाची हरकत असणार?

सीबीएसईच्या मुलांची गोष्ट आणखी वाईट. त्यांची पुस्तके तयार करणाऱ्या एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेने २०२३ मध्ये दहावीच्या पुस्तकातला उत्क्रांतीचा भाग गाळला. कारण दिले अभ्यासाचा भार कमी करण्याचे. १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी सह्या करून विरोध केला. म्हणजे जो पुढे जीवशास्त्र घेईल त्याला बारावीत हा विषय भेटणार. वाणिज्य शाखेला जाणारी मुलगी शाळा सोडेपर्यंत तो नीट ऐकणारच नाही. यावर इथल्या पालकसभांत चकार शब्द निघत नाही. आमची सगळी चर्चा गणवेश, बसभाडे आणि सराव परीक्षा यांतच आटोपते.

पुढच्या सभेत मी लेखी मागणी देणार आहे: हा धडा सरांनी पुन्हा, पुस्तकाप्रमाणे घ्यावा आणि दिवाळीनंतर दहावीच्या वर्गाला एक दिवस नान्नजला न्यावे. गाडीखर्च आम्ही पालक वाटून घेऊ. इतर शाळांतल्या पालकांनीही आपापल्या ठिकाणी विचारावे, म्हणून हे पत्र.

आपला,
एक पालक, जुळे सोलापूर