गळ टाकून बसणारी माणसं गप्प नसतात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या मराठी मंडळींच्या छंदांवर लेख होता. मासेमारीच्या वाट्याला त्यात जेमतेम एक परिच्छेद आला, आणि तोही ‘एकांतप्रिय माणसांचा शांत छंद’ असा शिक्का मारून लेखकमहाशय बागकामाकडे वळले. नदीकाठी एकटे बसून चिंतन करणारे लोक असतीलही; माझी त्यांच्याशी ओळख नाही. मी सत्तरच्या दशकात इंग्लंडातल्या लेस्टरला कारखान्यात नोकरीला लागलो आणि तिथल्या कामगारांच्या फिशिंग क्लबात ओढला गेलो. ती स्पर्धेची मासेमारी, मॅच फिशिंग. तिच्यात एकांत औषधालाही सापडत नव्हता.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहाटे कारखान्याच्या फाटकाशी बस उभी राही. ट्रेंट नदी, विदम नदी किंवा जवळपासचा एखादा कालवा गाठायचा. काठावर ठरावीक अंतरावर नंबर लावलेल्या खुंट्या, म्हणजे पेग. पिशवीत हात घालून चिठ्ठी काढायची, जो नंबर येईल तिथेच दिवसभर बसायचं. शिट्टी झाली की सगळ्यांचे गळ एकदम पाण्यात, पाचेक तासांनी पुन्हा शिट्टी झाली की सगळ्यांचे बाहेर. धरलेले मासे पाण्यात सोडलेल्या लांबलचक जाळीत जिवंत ठेवायचे. शेवटी तराजूवाले येतात, वजन होतं आणि मासे परत नदीत. किती मासे धरले याला किंमत नाही, वजन किती भरलं ते महत्त्वाचं. प्रत्येकाने घातलेले पौंड गोळा होतात आणि पहिल्या काही जणांत वाटले जातात.

आम्ही रत्नागिरीकडचे. हे सगळं मी आईला पत्राने कळवलं तेव्हा तिचं उत्तर दोन ओळींचं होतं: ‘धरून सोडून देता? मग धरता कशाला?’ याचं पटेल असं उत्तर मला तिला कधी देता आलं नाही.

चिठ्ठी काढण्याचा तो अर्धा तास म्हणजे खरी जत्रा. ओळीच्या टोकाच्या पेगला फार मान. स्पर्धा सुरू झाली की गडबडीने बुजलेले मासे जिथे माणूस नाही तिकडे सरकतात, आणि शेवटच्या पेगच्या पलीकडे माणूस नसतो. त्यामुळे टोकाचा नंबर निघालेल्याकडे सगळे असे बघत, जणू त्याने चोरीच केली आहे. आमचा सेक्रेटरी पेशाने ट्रक ड्रायव्हर होता. पिशवी त्याच्या हातात, म्हणून त्याच्यावर संशय. एका मोसमात त्याला ओळीने चांगले पेग मिळाले आणि बसमध्ये कुजबुज वाढली. तेव्हा त्याने जाहीर केलं की यापुढे मी सर्वांत शेवटी चिठ्ठी काढणार, उरेल ती माझी. त्यानंतरही तो जिंकतच राहिला. लोक दुप्पट चिडले, कारण आता नशिबाला बोल लावण्याचीही सोय उरली नव्हती.

मला क्लबात ज्यांनी नेलं ते होजियरीच्या गिरणीत जन्म काढलेले एक वयस्क गृहस्थ. जवळपास मुके म्हणावेत इतके कमी बोलणारे, त्यामुळे आपल्या लेखकाला ते आवडले असते. थंडीत त्यांची एक सवय बघून मी पहिल्यांदा हादरलोच होतो. आमिष म्हणून वापरायच्या माशीच्या अळ्या गारठल्या की आखडतात, हालचाल करीत नाहीत आणि मासा त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. हे गृहस्थ चार अळ्या ओठाखाली धरून ठेवत. तशाच तोंडाने चहाही पीत. त्यांच्या थर्मासातला चहा त्यांनी पुढे केला तेव्हा मी काय करावं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. घेतला.

अळ्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. तिथे त्या दुधासारख्या पाइंटच्या मापाने विकत मिळतात, आणि गरम जागी ठेवल्या तर त्यांचे कोष होतात, म्हणून फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात. आमच्या सौ.नी पहिल्याच शनिवारी डबा उघडून बघितला. पुढच्या महिन्यात आमच्या घरी दुसरा, जुना फ्रिज आला आणि तो गॅरेजमध्ये गेला. कोष झालेल्या अळ्याही वाया जात नाहीत बरं का. त्यांना कॅस्टर म्हणतात आणि रोच जातीच्या मोठ्या माशांना त्या जास्त आवडतात. लँकेशायरच्या बेनी ॲशर्स्ट यांनी हे आमिष स्पर्धांत रुळवलं, आणि त्यांचा मुलगा केव्हिन 1982 साली जगज्जेता झाला. त्या काळी अळ्यांना क्रायसॉइडीन नावाचा रंग देत, त्या काशासारख्या चमकत. आमच्या निम्म्या क्लबाची बोटं पिवळी असायची आणि त्या बोटांनीच सँडविच खाल्लं जाई. ऐंशीच्या दशकात या रंगाचा मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध असावा असा संशय पुढे आला आणि तो रंग मागे पडला. आमच्यातल्या एकाने तरीही त्याची पुडी जपून ठेवली होती. त्यानेच 1987 मध्ये दोरीला वजन म्हणून लावायच्या शिशाच्या छर्ऱ्यांवर बंदी आली तेव्हा डबेच्या डबे साठवले. हंस ते छर्रे गिळून मरत होते, हे त्याला मान्य होतं. ‘पण माझ्या छर्ऱ्याने नाही मेला’ एवढंच त्याचं म्हणणं.

आता खोटं बोलणाऱ्यांबद्दल. मॅच फिशिंगमध्ये खरं बोलणारा माणूस मी बघितलेला नाही. शेजारच्या पेगवरून ‘काय रे, काही लागलं?’ असं विचारलं की एकच ठरलेलं उत्तर येणार: ‘दोन-चार बारकी.’ जाळीत वीस पौंड ब्रीम मासे असलेला माणूसही चेहरा पाडून हेच सांगतो, कारण खरं कळलं तर शेजारी त्याची पद्धत उचलेल. उलट ज्याच्या जाळीत खरोखरच काही नाही तो मात्र ‘बरं चाललंय’ म्हणतो. आमचा एक वेल्डर होता, तो मासा लागला की फ्लोट, म्हणजे दोरीवरची तरंगती खूण, अडकल्याचं नाटक करून, शिव्या देत, पाठ वळवून मासा जाळीत टाकायचा. त्याच्या शिव्या वाढल्या की आम्ही ओळखायचो, आज हा पहिला.

या सगळ्या थापांचा निकाल लावायला तराजू यायचा आणि तराजूबरोबर एक बाई. क्लबात बायका जवळजवळ नव्हत्याच. या बाई कारखान्याच्या हिशेब खात्यात होत्या, स्वतः कधी गळ टाकला नाही, पण वजनाचा कागद त्यांच्याच हातात. कोटाच्या बटणाला सुतळीने बांधलेली पेन्सिल असे, कारण शाईचं पेन पावसात टिकत नाही. वजन पौंड, औंस आणि ड्रॅममध्ये. ड्रॅम म्हणजे औंसाचा सोळावा भाग, दोन ग्रॅमसुद्धा नाही. कालव्यावरच्या हिवाळी स्पर्धा अशा एक-दोन ड्रॅमवर सुटायच्या, आणि तेव्हा काटा स्थिर होईपर्यंत दाढीदीक्षित माणसं श्वास रोखून उभी राहत. जाळी झटकून पाणी निथळू द्यायचं की नाही, यावर एकदा मारामारी व्हायची बाकी होती. बाई म्हणाल्या, ‘मला वेळ आहे, सुकेपर्यंत थांबते,’ आणि खरंच भर पावसात घडीच्या स्टुलावर जाऊन बसल्या. ज्याला मासाच मिळाला नाही त्याच्याही पेगपर्यंत त्या चालत जात. लांबूनच ‘शून्य’ ओरडलेलं त्यांना चालत नसे. जाळी वर काढायला लावत, बघत, मग लिहीत. मला याचा अनुभव भरपूर आहे.

आणखी एकाबद्दल लिहायलाच हवं. युद्धानंतर इंग्लंडात राहिलेला एक पोलिश गृहस्थ आमच्यात होता. त्यांच्याकडे नाताळच्या आदल्या रात्री कार्प शिजवतात. चार पौंडी मासा पाण्यात परत सोडताना त्याच्या चेहऱ्यावर जे उमटायचं ते सबंध क्लबात फक्त मला समजत असे. माझ्याही मनात हळद-तिखट-आलं फिरत असायचं. आम्ही दोघांनी यावर इतरांसमोर चकार शब्द काढला नाही. मासे खाण्याची भाषा तिथे काठावर केली असती तर सभासदत्वच गेलं असतं. पण परतीच्या बसमध्ये शेजारी बसून आम्ही कुठला मासा कसा करावा यावर दबक्या आवाजात तासन्‌तास बोलायचो.

मोठी माणसंही आम्ही जवळून बघितली. मॅच फिशिंगमधला नावाजलेला आयव्हन मार्क्स तर लेस्टरचाच. तो ज्या पेगवर बसेल तिथे मागे बघ्यांची गर्दी जमे आणि तो मासे धरता धरता त्यांच्याशी बोलत असे. आमचा वेल्डर त्याच्यामागे उभा राहून शिकायला गेला आणि परत येऊन म्हणाला, ‘हा सगळं सांगून टाकतो, आणि तरी आपल्याला जमत नाही.’ पुढे 1994 मध्ये जागतिक स्पर्धा नॉटिंगहॅमजवळ होम पिअरपॉन्टला झाली. आम्ही राहिलेली मंडळी एका गाडीत कोंबून गेलो. बॉब नड तिथे तिसऱ्यांदा जगज्जेता झाला. आमचे ते अबोल गृहस्थ दिवसभर त्याच्याकडे न बघता पाण्याकडे बघत होते. का, तर म्हणे, ‘तो काय करतोय ते मासेच सांगतील.’

इंग्लंडात राष्ट्रीय स्पर्धा 1906 पासून होते आहे.  तिच्यामागे असे शेकडो कारखान्यांचे, खाणींचे, पबचे क्लब उभे होते. आमचा कारखाना बंद पडला आणि क्लबाची बसही गेली. पुढे स्पर्धा नदीवरून खोदलेल्या तळ्यांकडे वळल्या. तिथे कार्प सोडलेले असतात, गाडी पेगच्या मागेच लावता येते, आणि वजनं अशी भरतात की ड्रॅमला कुणी विचारत नाही. माझं म्हाताऱ्याचं मत विचाराल तर त्यात वाईट काही नाही, पण मला तिथे कुणाला शिव्या घालाव्यात हेच कळत नाही. आमच्या वेळी कालव्यातून जाणाऱ्या बोटीवाल्यांना त्या घालता येत. त्यातही सर्वांत जोरात घालणाऱ्या आमच्या फिटरने निवृत्त झाल्यावर स्वतःच एक बोट घेतली. एका स्पर्धेत तो ऐन मध्यावर आमच्या सगळ्यांच्या दोऱ्यांवरून संथपणे गेला, आणि प्रत्येक पेगवरून त्याचेच जुने शब्द त्याला परत मिळाले. तो प्रत्येकाला टोपी काढून दाखवत होता.

कायद्याने 15 मार्च ते 15 जून नदीवर गळ टाकायला बंदी असते. त्या तीन महिन्यांत ही मंडळी एकमेकांच्या घरी भिंती रंगवायला जात, हेही लेखकमहाशयांच्या एकांताच्या सिद्धान्तात बसवून बघावं.

माझी एक विनंती आहे. लेस्टर, कॉव्हेंट्री, डर्बीच्या कारखान्यांत त्या काळी आपली बरीच मराठी माणसं होती. त्यांच्यापैकी कुणी अशा क्लबात होतं का, कुणाकडे जुने फोटो किंवा निकालाचे कागद आहेत का, हे आपल्या वृत्तपत्रामुळे कळलं तर बरं होईल. आमच्या बाईंचे पेन्सिलीने लिहिलेले काही कागद माझ्याकडे आहेत. त्यांतली नावं मला ओळखू येतात, पण मी गेल्यावर ती कुणाला ओळखू येणार नाहीत.

आपला,
एक वाचक, लेस्टर

ता. क. लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘कार्प’ छापलं आहे. तो ब्रीम आहे. कार्पच्या तोंडाशी मिशा असतात, ब्रीमला नसतात आणि तो परातीसारखा चपटा असतो. शिवाय फोटोतल्या माणसाच्या कोटावर जो चिकट पांढरा ओघळ दिसतो आहे, तो ब्रीमशिवाय दुसऱ्या कुणाचाही नव्हे.