बाबांचे पुढचे दोन दात

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, स्कॅन पाहिला. वरचे पुढचे दोन्ही दात हिरडीच्या बरेच खाली तुटलेत, कॅप धरायला काही उरलेलं नाही. मुळं काढून तिथल्या हाडात इम्प्लांट, म्हणजे टायटॅनियमचं कृत्रिम मूळ, बसवायचा डॉक्टरांचा सल्ला बरोबर आहे. फक्त ती ‘तीन दिवसांत पक्के दात’ची जाहिरात कपाटात ठेवून द्या. पुढच्या भागात दातापेक्षा हिरडीचं काम जास्त, आणि हिरडीला घाई चालत नाही.

मुळाच्या ओठाकडच्या बाजूला हाडाची जी भिंत असते, ती बहुतेकांची एक मिलिमीटरहून पातळ असते. दात गेला की तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही आठवड्यांत ती विरघळू लागते. मग हिरडी आत बसते, नवा दात लांबुडका दिसतो. म्हणून मूळ पकडीने हिसकून नव्हे, पातळ पात्याच्या हत्याराने हळूहळू सुटं करून काढायला सांगा. भिंत शाबूत राहिली तर त्याच दिवशी इम्प्लांट बसू शकतो. तोही टाळूकडे सरकवून, आणि पुढची पोकळी हाडाच्या भुकटीने भरून. भिंत फुटलेली निघाली तर सहा-आठ आठवडे थांबलेलंच बरं. दोन इम्प्लांटमध्ये निदान तीन मिलिमीटर हाड हवं, शेजारच्या दाताच्या मुळापासून दीड. दाटीवाटीने बसवले की मधलं हाड झिजतं आणि दोन दातांमध्ये काळा त्रिकोण दिसायला लागतो. तो नंतर भरून काढणं फार अवघड.

टायटॅनियमला हाड घट्ट धरायला साधारण तीन-चार महिने लागतात. तोवर बिनदाताचं फिरावं लागणार नाही. तात्पुरते दात शेजारच्या दातांना चिकटवून घ्या. काढ-घाल करायची प्लेट हिरडीवर दाबत असेल तर ती लगेच खालून घासून घ्या. थेट इम्प्लांटवरच तात्पुरता दात बसवला, तर खालचे दात त्याला मिटल्यावरही लागायला नकोत आणि जबडा पुढे सरकवल्यावरही. भाकरी, पेरू, कणीस पुढच्या दातांनी तोडणं या काळात बंद.

मग येते ती पायरी बरेच जण पैसे वाचवायला गाळतात. स्क्रूने बसवलेला प्लॅस्टिकचा दात थोडाथोडा फुगवत हिरडीला आकार द्यायचा. दात आवळताना हिरडी पांढरी पडते. दहा-पंधरा मिनिटांत गुलाबी झाली तर ठीक, नाही झाली तर दाब जास्त आहे, दात काढून थोडा घासायला हवा. हे काही आठवडे चालतं. कंटाळू नका.

कायमच्या दाताला झिर्कोनियाचा (पांढऱ्या, कणखर सिरॅमिकचा) गाभा आणि दर्शनी बाजूला सिरॅमिकचा थर मागा. हिरडी पातळ असेल तर खालचा टायटॅनियमचा जोड करडी झाक मारतो, म्हणून तोही हिरडीपाशी झिर्कोनियाचा असावा. शक्यतो स्क्रूचाच दात घ्या, सिमेंटने चिकटवलेला नको. सिमेंटचा कण हिरडीखाली अडकला तर महिनोन्महिने पू आणि रक्त येत राहतं, आणि बाहेरून कळत नाही. स्क्रू टॉर्क रेंचनेच, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानेच, आवळायचा. हाताच्या अंदाजाने आवळलेला सैल होतो, दात डुलतो आणि लोकांना वाटतं इम्प्लांट गेला. रंग खुर्चीत बसल्या बसल्या, खिडकीच्या उजेडात ठरवायचा. तोंड अर्धा तास उघडं राहिलं की दात सुकून पांढरे दिसतात आणि मग रंग चुकतो. फार शुभ्र घेऊ नका, शेजारचे दात पासष्ट वर्षांचे आहेत.

या सगळ्याआधी साखर. तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) आठ टक्क्यांच्या वर असेल तर तारीख पुढे ढकला. रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. तंबाखूबद्दल वेगळं लिहीत नाही. हाड न धरण्याचं ते एक मोठं कारण आहे.

आई, ‘यांचं झालं की माझंही’ म्हणालीस म्हणून सांगते. तू हाडांसाठी आठवड्याची गोळी घेतेस, ते दाताच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांग. वर्षातून एकदाचं इंजेक्शन मिळालं असेल तर तेही. या औषधांवर असताना दात काढल्यावर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही.

इम्प्लांटच्या डबीवरचे स्टिकर मागून फाइलमध्ये चिकटवा. कंपनी आणि माप त्यावर असतं. दहा वर्षांनी स्क्रू बदलायचा झाला तर तेच कामी येईल.

आणि आई, दादाच्या लग्नाच्या अल्बममधला बाबांचा तोंडभरून हसतानाचा फोटो काढून ठेव. मोबाइलवर पाठवू नकोस, मूळ फोटोच दात बनवणाऱ्या लॅबला द्यायचाय. दात किती लांब होते आणि मधली फट किती होती, हे त्याच्याशिवाय कुणाला कळणार नाही.

तुमची,
ताई